प्रश्न वाचकांचे : परिसंस्था चालते कशी?

परिसंस्थेविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतील सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून लांबलचक पत्रांचा गाभा तेवढा ठेवला आहे. वरवर पाहता हे प्रश्न वेगवेगळे असले, तरी त्यांतील बराचसा गोंधळ एकाच ठिकाणी उगम पावतो, असे उत्तरे लिहिताना पुन्हा पुन्हा जाणवले. एखादी गोष्ट निसर्गात किती साठली आहे आणि ती किती वेगाने येते-जाते, या दोन बाबी आपण एकमेकींत सहज मिसळून टाकतो. घरातली शिल्लक आणि महिन्याची मिळकत यांत आपली कधी गल्लत होत नाही. जंगल, तळे किंवा समुद्र यांच्याबाबतीत मात्र ती हमखास होते. त्यामुळे साठा आणि ओघ हा भेद पुढील उत्तरांत वारंवार येईल, त्याबद्दल वाचकांनी कंटाळा करू नये.

प्रश्न : थेंबभर पाण्यालाही परिसंस्था म्हणतात, तळ्यालाही आणि अख्ख्या पृथ्वीलाही. मग परिसंस्थेची सीमा ठरवायची कोणी आणि कशाच्या आधारे? मुलांना शिकवताना नेमकी येथेच माझी अडचण होते.

उत्तर : परिसंस्थेची सीमा निसर्गाने आखून ठेवलेली नसते, ती अभ्यासणाऱ्याच्या प्रश्नावरून ठरते, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे, मुलांनाही ते सांगायला हरकत नाही. जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये परिस्थितिकी (इकॉलॉजी) या ज्ञानशाखेला नाव दिले, तेव्हा भर होता तो सजीव आणि त्यांचा परिसर यांच्यातील संबंधांवर. पुढे १९३५ मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी परिसंस्था ही संकल्पना मांडली आणि माती, पाणी, हवा, ऊन या निर्जीव घटकांना सजीवांच्या बरोबरीने तिच्यात स्थान दिले. अशा व्यवस्था आपण अभ्यासासाठी मनाने वेगळ्या काढतो, प्रत्यक्षात त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, हेही त्यांनी त्याच वेळी स्पष्ट केले होते.

मनाने वेगळी काढायची म्हणजे कशीही काढायची, असे मात्र नाही. आत काय येते आणि बाहेर काय जाते हे जेथे मोजता येईल, तेथे सीमा आखणे शहाणपणाचे ठरते. याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हबर्ड ब्रूक या जंगलातील आहे. जीन लाइकन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ पासून तेथे एकेका ओढ्याचे पाणलोट क्षेत्र ही एकेक परिसंस्था मानली. खालचा खडक पाणी झिरपू न देणारा असल्यामुळे विरघळलेली द्रव्ये बाहेर पडायला ओढा हाच मुख्य मार्ग होता, आणि ओढ्याच्या तोंडाशी बांध घालून पाणी व त्यातील क्षार दोन्ही मोजता येत होते. १९६५-६६ च्या हिवाळ्यात त्यांनी एका पाणलोटातील सगळी झाडे तोडली, लाकूड तेथेच पडू दिले आणि पुढे तणनाशक फवारून नवी वाढही रोखून धरली. त्यानंतरच्या दोन वर्षांत ओढ्याच्या पाण्यातील नायट्रेटचे प्रमाण चाळीस पटींहून अधिक वाढले. बाहेरून कोणीही नायट्रोजन आणून टाकला नव्हता. मातीतील जिवाणू सेंद्रिय पदार्थातून नायट्रेट पूर्वीही बनवतच होते. ते लगोलग शोषून घेणारी मुळे नाहीशी झाली आणि आतल्या आत फिरणारे द्रव्य वाहून जाऊ लागले. सीमा नेमक्या ठिकाणी आखली होती, म्हणूनच हे आकड्यांत पकडता आले.

वर्गात तळ्याचे चित्र काढून घेताना मासे, कमळे आणि बेडूक यांच्याबरोबर तळ्यात येणारे आणि तळ्यातून जाणारे बाणही काढायला सांगावेत, असे सुचवतो. एखाद्या बाणाबद्दल मुलांत वाद झाला, तर धडा नीट चालला आहे असे खुशाल समजावे.

प्रश्न : अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर फक्त दहा टक्के ऊर्जा पुढे जाते, असे शिकलो. उरलेली नव्वद टक्के कोठे जाते? शिवाय या पायऱ्या एकावर एक रचून होणारा मनोरा समुद्रात उलटा असतो, असेही वाचनात आले. मग नियम मोडतो का?

उत्तर : आधी त्या नव्वद टक्क्यांचा हिशेब पाहू. वनस्पतींवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी बहुतेक ठिकाणी एक टक्का किंवा त्याहूनही कमी ऊर्जा प्रकाशसंश्लेषणातून अन्नात बांधली जाते. त्यातील मोठा हिस्सा, बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास, वनस्पती स्वतःच्या श्वसनासाठी खर्च करते. जे पान, खोड, मूळ उरते, त्याचा थोडाच भाग कोणी तरी खाते. खाल्लेल्यातील काही भाग न पचता विष्ठेवाटे बाहेर पडतो. पचलेल्यातील बराचसा चालणे, धावणे, शरीर ऊबदार ठेवणे यांत उष्णता होऊन निघून जातो. शेवटी जे अंगी लागते आणि पिल्लांच्या रूपाने वाढते, तेवढेच पुढच्या भक्षकाच्या वाट्याला येऊ शकते. म्हणजे नव्वद टक्क्यांपैकी काही ऊर्जा विघटकांकडे वळते आणि बाकीची उष्णतेच्या रूपाने परिसंस्थेबाहेर जाते. कार्बनचा किंवा फॉस्फरसचा अणू फिरून पुन्हा पानात येऊ शकतो. एकदा उष्णता होऊन विखुरलेली ऊर्जा कोणतेही पान परत पकडू शकत नाही. द्रव्याचे चक्र होते आणि ऊर्जेचा एकेरी ओघ राहतो, याचे कारण हे आहे. म्हणूनच सूर्य रोज उगवावा लागतो.

ऊर्जेच्या भाषेत परिसंस्थेचा असा हिशेब प्रथम नीट मांडला तो रेमंड लिंडमन या तरुण संशोधकाने. मिनेसोटातील सीडर बॉग लेक या लहानशा सरोवराचा त्याने अनेक वर्षे अभ्यास केला. त्याचा निबंध सुरुवातीला परीक्षकांनी फार सैद्धांतिक म्हणून नाकारला होता. तो १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा लिंडमनचे वयाच्या २६ व्या वर्षी निधन होऊन काही महिने उलटले होते.

दहा टक्के हा आकडा मात्र घोकून ठेवण्याजोगा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तो ढोबळ सरासरीचा आकडा आहे. प्रत्यक्षात हे प्रमाण सामान्यतः पाच ते वीस टक्क्यांच्या दरम्यान हेलकावे खाते आणि ते कोणावर अवलंबून आहे हे पाहण्यातच खरी गंमत आहे. पक्षी आणि सस्तन प्राणी शरीराचे तापमान टिकवण्यावर इतका खर्च करतात, की पचवलेल्या ऊर्जेतील जेमतेम एक ते तीन टक्केच त्यांच्या वाढीत उतरते, तर अनेक कीटकांत हे प्रमाण त्याच्या कित्येक पट असते. दुसरे असे, की पाठ्यपुस्तकातील गवत, हरीण, वाघ ही साखळी डोळ्यांत भरते, पण बहुतेक जंगलांत जिवंत पाने खाणाऱ्यांच्या वाट्याला वनस्पतींच्या उत्पादनाचा लहानसा हिस्साच येतो. बाकीचे सारे पाचोळा होऊन जमिनीवर पडते आणि बुरशी, जिवाणू, गांडुळे, वाळवी यांच्या साखळीत जाते. वाघ दिसतो आणि बुरशी दिसत नाही, एवढ्यावरून मोठी वाट कोणती हे ठरवू नये.

आता उलट्या मनोऱ्याकडे येऊ. इंग्लिश खाडीतील एका जुन्या आणि बहुपरिचित मोजणीत दर चौरस मीटरमागे वनस्पतिप्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगत प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्म जीवांचे, वजन ४ ग्रॅम आणि त्यांच्यावर जगणाऱ्या प्राण्यांचे २१ ग्रॅम भरले होते. खाणारे अधिक आणि खाद्य कमी, हे अशक्य वाटते खरे. पण हा मनोरा एका क्षणी असलेल्या वजनाचा, म्हणजे साठ्याचा आहे. वनस्पतिप्लवक काही दिवसांत दुप्पट होतात आणि तितक्याच झपाट्याने खाल्ले जातात, त्यामुळे त्यांचा साठा सहसा फारसा वाढत नाही. त्यांच्यावर जगणारे प्राणी मात्र आठवडे, महिने, वर्षे टिकून राहतात. वर्षभरात तयार झालेल्या अन्नाचा मनोरा काढला, तर तो सरळच येतो आणि तो कधीही उलटा होऊ शकत नाही. जगभराचा हिशेब तर याहून थक्क करणारा आहे. जमिनीवरील वनस्पतींत सुमारे ४५० अब्ज टन कार्बन साठलेला आहे आणि समुद्रातील उत्पादकांत अवघा एक अब्ज टनाच्या आसपास; तरीही पृथ्वीवर दरवर्षी तयार होणाऱ्या निव्वळ वनस्पतिजन्य उत्पादनापैकी जवळजवळ निम्मे समुद्रात होते.

प्रश्न : ॲमेझॉनचे जंगल जगाला वीस टक्के प्राणवायू पुरवते, म्हणून त्याला पृथ्वीची फुफ्फुसे म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. ते जंगल प्रकाशसंश्लेषणातून प्रचंड प्राणवायू निर्माण करते हे खरे, पण तेथील झाडांचे श्वसन आणि मेलेल्या पाना-लाकडाचे कुजणे यांत जवळजवळ तेवढाच प्राणवायू वापरला जातो, त्यामुळे बाहेर पडणारी निव्वळ भर शून्याजवळ जाते. हवेतील सुमारे २१ टक्के प्राणवायू कोट्यवधी वर्षांत साचलेला आहे : दरवर्षी तयार झालेल्या सेंद्रिय पदार्थांपैकी अत्यल्प भाग न कुजता गाळात गाडला गेला आणि त्याच्या बदल्यातील प्राणवायू हवेत शिल्लक राहिला. हा साठा इतका अवाढव्य आहे, की जमिनीवरील सगळ्या वनस्पती एका दिवसात जाळून टाकल्या, अशी भयंकर कल्पना केली, तरी त्यातील साधारण हजारातला एकच भाग खर्च होईल.

त्या जंगलाचे महत्त्व यामुळे तिळभरही कमी होत नाही. वनस्पती आणि माती मिळून तेथे शंभर अब्ज टनांहून अधिक कार्बन साठलेला आहे, तेथील झाडे हवेत सोडत असलेल्या बाष्पातून दूरवर पाऊस पडतो आणि तेथील जीवसृष्टीची विविधता अतुलनीय आहे. एवढी खरी कारणे हाताशी असताना संवर्धनाची बाजू चुकीच्या कारणावर उभी करणे मला धोक्याचे वाटते, कारण ते कारण खोडून काढणारा माणूस सोबत सगळी बाजूच खोडल्याचा आव आणतो.

प्रश्न : अधिवास आणि जीवनकोनाडा यांतील फरक थोडक्यात सांगाल का?

उत्तर : प्रजाती जेथे राहते तो तिचा अधिवास, आणि ती कशी जगते, म्हणजे काय खाते, केव्हा खाते, किती उष्णता व ओलावा सोसते, कोणाला खाद्य पुरवते, या सगळ्याचा मिळून तिचा कोनाडा. रशियन शास्त्रज्ञ गॉझ यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पॅरामिशियम या एकपेशीय सूक्ष्मजीवाच्या दोन प्रजाती एकाच अन्नावर एकत्र वाढवल्या, तेव्हा त्यांतील एक नेहमी संपून गेली. दुसऱ्या एका जोडीत मात्र एक प्रजाती नळीच्या तळाशी आणि दुसरी वरच्या पाण्यात खाऊ लागली आणि दोन्ही टिकल्या. अधिवास एकच, कोनाडे दोन. पुढे १९५८ मध्ये रॉबर्ट मॅकआर्थर यांनी एकाच प्रकारच्या सूचिपर्णी झाडांवर किडे टिपणाऱ्या वॉर्बलर पक्ष्यांच्या पाच प्रजाती झाडाच्या वेगवेगळ्या भागांत आणि वेगवेगळ्या पद्धतीने खाद्य शोधतात, हे मोजून दाखवले.

प्रश्न : एखादा शिकारी प्राणी नाहीसा झाला, तर संपूर्ण परिसंस्था कोसळते असे म्हणतात. पण अनेक प्रजाती नाहीशा होऊनही जंगले उभी आहेत. यातले नेमके खरे काय?

उत्तर : दोन्ही खरे आहे, कारण सगळ्या प्रजातींचे वजन सारखे नसते. येथे वजन म्हणजे किलोग्रॅम नव्हे, इतरांवर होणारा परिणाम.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील मकाह उपसागराच्या खडकाळ किनाऱ्यावर रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून एक साधा प्रयोग चालवला. किनाऱ्याच्या ठरावीक पट्ट्यातील तारामासे ते उपटून समुद्रात दूर फेकत राहिले आणि शेजारच्या पट्ट्यातील तारामाशांना हात लावला नाही. तारामासा तेथे शिंपल्यांवर ताव मारत असे. तो नाहीसा होताच शिंपल्यांनी खडक व्यापायला सुरुवात केली आणि १९६६ च्या निबंधात पेन यांनी नोंदवले, की त्या पट्ट्यातील प्रजातींची संख्या १५ वरून ८ वर आली होती. तारामाशांची संख्या फार नव्हती आणि त्यांचे एकूण वजनही फार नव्हते. जागेसाठीच्या चढाओढीत सगळ्यांना मागे टाकणाऱ्या शिंपल्यांना ते वेसण घालत होते आणि त्यामुळे इतरांना खडकावर जागा मिळत होती. पेन यांनी १९६९ मध्ये अशा प्रजातींसाठी जी संज्ञा वापरली, तिला मराठीत आपण कळीची प्रजाती म्हणतो. पण त्यांच्याच कामावरून हेही दिसते, की असे स्थान थोड्याच प्रजातींना असते. त्याच खडकावरील दुसरा एखादा प्राणी काढला असता, तर कदाचित कोणाच्या लक्षातही आले नसते.

दुसरे उदाहरण उत्तर पॅसिफिकमधील समुद्री पाणमांजरांचे आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत फरसाठी त्यांची इतकी शिकार झाली, की १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षण मिळेपर्यंत ती जेमतेम तग धरून होती. नंतर काही बेटांभोवती ती परतली, काहींभोवती परतली नाहीत, आणि संशोधकांना आयती तुलना मिळाली. जेम्स एस्टिस आणि जॉन पामिसानो यांनी अल्युशियन बेटांवरील निरीक्षणे १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. पाणमांजरे होती तेथे केल्प या उंच समुद्री शैवालांची दाट राने होती. ती नव्हती तेथे समुद्री अर्चिन या काटेरी, गोलसर प्राण्यांनी केल्प खाऊन तळ उघडाबोडका केला होता. पाणमांजर अर्चिन खाते, अर्चिन केल्प खाते, आणि केल्पच्या आडोशाने मासे वाढतात, अशी ही गुंफण आहे. १९९० च्या दशकात तेथील पाणमांजरे पुन्हा झपाट्याने घटली, तेव्हा किलर व्हेल त्यांना खाऊ लागल्याचे कारण पुढे आले आणि अर्चिन पुन्हा वाढून केल्प मागे हटले. परिणाम साखळीतून वरून खाली उतरतो, हे येथे दोन्ही दिशांनी पाहायला मिळाले.

तिसरे उदाहरण आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल, आणि मला ते जपून सांगावेसे वाटते. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून १९२० च्या दशकात लांडगे नाहीसे केले गेले होते. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून आणलेले ३१ लांडगे तेथे सोडण्यात आले. त्यानंतर एल्क हरणे घटली आणि काही ठिकाणी विलो व ॲस्पेन ही झाडे वाढू लागली. यावरून लांडग्यांनी नद्यांचे प्रवाहसुद्धा बदलले, अशी गोष्ट जगभर पसरली. वस्तुस्थिती इतकी सुबक नाही. एल्क घटण्यात अस्वले, प्यूमा आणि उद्यानाबाहेरील मानवी शिकार यांचाही वाटा होता. शिवाय लांडगे नसलेल्या काळात विलो संपल्याने ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर हे प्राणीही निघून गेले होते. त्यांचे बांध मोडल्याने ओढे खोल गेले आणि भूजलाची पातळी उतरली. जमीन कोरडी पडल्यावर नुसते एल्क कमी होऊन विलोंना पूर्वीची उंची गाठता येत नाही, हे तेथील दीर्घकालीन प्रयोगांतून दिसून आले आहे. शिकारी प्राणी काढणे आणि तो परत आणणे या एकमेकींच्या नेमक्या उलट क्रिया नसतात, हे या उदाहरणाचे खरे मोल आहे, आणि गोष्टीच्या लोकप्रिय रूपात नेमके तेच हरवते.

प्रश्न : निसर्ग आपोआप समतोल राखतो, असे आपण नेहमी म्हणतो. शास्त्रीयदृष्ट्या हा समतोल म्हणजे नेमके काय?

उत्तर : एका ठिकाणी स्थिरावलेला समतोल, या अर्थाने ही कल्पना आज फारसे परिस्थितिकी-अभ्यासक मानत नाहीत. प्रत्यक्षात दिसतात ते चढउतार, अडथळे आणि सावरणे.

हडसन बे कंपनीच्या फर-खरेदीच्या जुन्या नोंदींवरून उत्तर अमेरिकेतील ससे आणि लिंक्स हे मांजरकुळातील शिकारी सुमारे दहा वर्षांच्या अंतराने वाढतात आणि घटतात, हे फार पूर्वी लक्षात आले. शिकारी वाढले की ससे घटतात, ससे घटले की शिकारी घटतात, एवढ्यावर हे स्पष्टीकरण पुष्कळ वर्षे भागवले गेले. चार्ल्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी कॅनडातील युकॉन प्रदेशात प्रत्यक्ष प्रयोग केला आणि १९९५ मध्ये निष्कर्ष मांडले : शिकारी दूर ठेवले तर सशांची घनता सुमारे दुप्पट झाली, जास्तीचे अन्न दिले तर तिप्पट, आणि दोन्ही एकदम केले तर अकरापट. म्हणजे अन्न आणि भक्षक यांचे परिणाम एकमेकांत नुसते मिळवून चालत नाहीत. ते एकमेकांना वाढवतात.

आपोआप समतोल साधला जाईलच, या समजुतीला बेरिंग समुद्रातील सेंट मॅथ्यू बेटाने कायमचा धक्का दिला. तेथे १९४४ मध्ये २९ रेनडियर सोडले गेले. बेटावर शिकारी नव्हते आणि हिवाळ्यातील खाद्य म्हणून दगडफुलाचा जाड थर वर्षानुवर्षे साचलेला होता. १९६३ पर्यंत कळप सुमारे ६,००० वर गेला. १९६६ मध्ये मोजदाद झाली, तेव्हा ४२ प्राणी उरले होते आणि त्यांत नर अवघा एक होता. दगडफूल अतिशय सावकाश वाढते. कळपाची भरभराट वर्षाच्या नव्या वाढीवर चालली नव्हती, जुना साठा खाऊन चालली होती, आणि तो संपताच एका कडक हिवाळ्याने कळप संपवला. एखाद्या प्रदेशाची धारणक्षमता, म्हणजे तो किती प्राणी कायम पोसू शकेल हे, ठरवताना आज दिसणारे खाद्य मोजून भागत नाही, ते किती वेगाने परत येते हे मोजावे लागते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

अनुक्रमणाच्या बाबतीतही असाच वाद होऊन गेला आहे. उघड्या जमिनीवर आधी एक वनस्पतिसमूह येतो, मग दुसरा, मग तिसरा, हे सर्वांना मान्य होते. फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये असे मांडले, की हा प्रवास हवामानाने ठरवून दिलेल्या एका अंतिम अवस्थेकडे होतो आणि वनस्पतिसमूह एखाद्या सजीवासारखा वाढत जातो. हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्ये त्याला हरकत घेतली : प्रत्येक प्रजाती आपापल्या गरजेनुसार आणि संधीनुसार येते, समूह ही त्यातून घडलेली तात्पुरती जमवाजमव असते. आजचे मत ग्लीसन यांच्याकडे अधिक झुकलेले आहे. आइसलँडजवळ नोव्हेंबर १९६३ मध्ये समुद्रातून वर आलेल्या सुर्टसी या ज्वालामुखी बेटावर हे डोळ्यांसमोर घडले. पहिली फुलझाडाची जात १९६५ मध्येच रुजली, पण पुढे अनेक वर्षे वाढ रखडली, कारण लाव्हाच्या राखेत नायट्रोजन जवळजवळ नव्हता. १९८० च्या दशकाच्या मध्याला कुरव पक्ष्यांची वसाहत तेथे स्थिरावली, त्यांच्या विष्ठेतून खत मिळू लागले, आणि मग त्या भागात वनस्पतींच्या जाती भराभर वाढल्या. पक्ष्यांनी दुसरीकडे घरटी केली असती, तर बेटाचे आजचे रूप वेगळे असते.

प्रश्न : तळ्यात येणारे सांडपाणी बंद केले, तरी पाणी हिरवेच राहते. खत मिळणे थांबल्यावर शैवाल कमी व्हायला नको का?

उत्तर : व्हायला हवे आणि काही ठिकाणी होतेही; पण तळे किती खोल आहे आणि त्याच्या तळाशी काय साचले आहे, यावर ते अवलंबून असते.

शैवाल बेसुमार वाढण्यास नेमके कोणते पोषकद्रव्य कारणीभूत आहे, यावर १९६० च्या दशकात मोठा वाद होता. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ मध्ये २२६ क्रमांकाचे सरोवर मधोमध जाड पडद्याने विभागले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्यात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. दुसरा भाग लवकरच नीलहरित जिवाणूंनी हिरवागार झाला, पहिला जवळजवळ होता तसाच राहिला, आणि विमानातून काढलेल्या त्या छायाचित्राने धोरणकर्त्यांवर कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक परिणाम केला. अनेक देशांनी पुढे साबणाच्या भुकटीतील फॉस्फेटवर निर्बंध आणले, त्यामागे हे संशोधनही होते.

सिएटल शहराला लागून असलेल्या लेक वॉशिंग्टन या खोल सरोवरात सोडले जाणारे सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवण्यात आले आणि काही वर्षांतच पाणी स्वच्छ होऊ लागले. उथळ तळ्याचे मात्र तसे होत नाही. तेथे वर्षानुवर्षे आलेला फॉस्फरस गाळात लोहाला चिकटून बसलेला असतो. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला, की ही बांधणी सुटते आणि तोच फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. वाऱ्याने गाळ ढवळला जाणे आणि तळाशी चरणाऱ्या माशांनी तो उकरणे यांनीही भर पडते. म्हणजे बाहेरचा ओघ बंद झाला तरी आतला साठा पुढची कित्येक वर्षे पुरवठा करत राहतो.

याखेरीज आणखी एक अडचण असते. स्वच्छ उथळ तळ्यात तळापर्यंत प्रकाश पोहोचतो, पाणवनस्पती वाढतात, त्या गाळ धरून ठेवतात आणि शैवाल खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांना आसरा देतात, त्यामुळे पाणी स्वच्छच राहते. गढूळ हिरव्या तळ्यात प्रकाश खाली जात नाही, पाणवनस्पती मरतात, गाळ सुटतो आणि पाणी हिरवेच राहते. दोन्ही अवस्था आपापल्या परीने स्वतःला टिकवून धरतात, आणि हिरव्या अवस्थेतून परतण्यासाठी फॉस्फरस ज्या पातळीला तळे बिघडले त्याच्या बराच खाली आणावा लागतो.

म्हणून पहिला खर्च मोजणीवर करावा. वर्षभरात बाहेरून, विशेषतः पावसाळ्यातील ओहोळांतून, किती फॉस्फरस येतो आणि गाळातून किती सुटतो, हे दोन आकडे आधी हाती घ्यावेत. बाहेरचा अधिक असेल तर गाळ काढण्यावर खर्च करणे व्यर्थ आहे, कारण काही वर्षांत तेवढाच पुन्हा साचेल. गाळातील अधिक असेल तर तो काढणे किंवा रासायनिक उपायाने बांधून ठेवणे, तसेच सूक्ष्म प्राणी खाणारे आणि तळ उकरणारे मासे मोठ्या प्रमाणात काढून पाणवनस्पतींना पुन्हा रुजायला अवसर देणे, हे उपाय करता येतात. बऱ्याच उथळ तळ्यांत ते एकत्र करावे लागले आहेत आणि काहींत मासे काढण्याचे काम काही वर्षांनी पुन्हा हाती घ्यावे लागले आहे.